बसमध्ये ओकता का?

"बसमध्ये ओकता का?"

पेशंटला मॅडमचा पहिला प्रश्न हाच असायचा. नाव विचारायच्या नाहीत, कशाचं ऑपरेशन तेही नाही. वॉर्डाच्या दारातून आत येता येताच विचारायच्या, आणि तेही एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या कॉटवर झोपलेला माणूस दचकून 'नाही, नाही' म्हणायचा. चांगली माणसं याला गाडी लागणं म्हणतात. तसं विचारलं की समोरच्याची लाजही राहते. मॅडमला ते माहीत नव्हतं असं नाही. पण त्यांचं म्हणणं असं, "गाडी लागते का म्हटलं की लोक गोष्ट सांगत बसतात. कधी लागते, कधी नाही, पुढच्या सीटवर बसलं तर नाही. ओकता का म्हटलं की हो किंवा नाही. मला गोष्ट ऐकायची नाही."

पेशंट तेलुगू असला तर प्रश्न श्रीशैलमच्या घाटावर जायचा. "श्रीशैलम घाटलो वांतुलु अवुताया अम्मा?" जुन्या शहरातून आलेल्यांना "घाट में उल्टी होती क्या?" आणि आपल्या मराठी माणसांना तुळजापूर, कारण हैदराबादेतल्या अर्ध्या मराठी घरांची कुलदेवी तिथं, आणि ती डोंगरावर. देवानं देवस्थानं चढावर का बसवली, तर मॅडमला पेशंट तपासायला सोपं जावं म्हणून, असं आम्ही नर्स आपसात म्हणायचो.

हिमायतनगरच्या एका गल्लीतल्या छोट्याशा नर्सिंग होममध्ये मी ऑपरेशननंतरच्या खोलीत नर्स होते. भूल उतरत असलेला पेशंट थिएटरातून पहिल्यांदा माझ्याकडं यायचा. मॅडम म्हणजे भूल देणाऱ्या डॉक्टर. त्या कुठल्याच एका दवाखान्याच्या नव्हत्या. सकाळी इथं, दुपारी नारायणगुड्याला, संध्याकाळी आणखी कुठं, अशा स्कूटरवरून फिरायच्या. उंचीनं एवढ्याशा. साठीच्या आसपासचं वय, आखूड कापलेले पांढरे केस, आणि जीभ अशी की ती डॉक्टरच्या तोंडात कशी गेली याचं नवल वाटावं. लग्न केलं नव्हतं. त्यांच्या घरची मंडळी निजामाच्या काळापासून वकिली करणारी, त्यामुळं उलटतपासणी त्यांच्या रक्तातच होती.

आता तो प्रश्न वेडेपणाचा नव्हता, हे तुम्हांला सांगायला हवं. ज्याला गाडी लागते त्याला भुलीनंतर उलट्या होण्याचा धोका जास्त. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. आणि गंमत म्हणजे विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना कमी. "देव पण काय नालायक आहे बघ," मॅडम म्हणायच्या, "सिगारेटवाल्याला बक्षीस देतो." लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं, आता दोन उलट्या झाल्या तर काय बिघडलं. बिघडतं. आत ताजे टाके असतात, नुकत्याच बांधलेल्या रक्तवाहिन्या असतात. पोटापासून गळ्यापर्यंत सगळं ओढून ढवळून निघालं की त्यातली एखादी गाठ सुटते. सर्जनचं काम तासाभराचं असतं, ते एका ओकारीत वाया जाऊ शकतं. मॅडमचा सगळा जीव त्या एका गोष्टीत होता. आपल्या हातून झोपलेला माणूस उठताना ओकता कामा नये.

पेशंटच्या उशाशी आम्ही घेवड्याच्या आकाराचं स्टीलचं भांडं ठेवतो, किडनी ट्रे. संध्याकाळी मॅडम यायच्या, तो ट्रे उचलायच्या आणि नातेवाइकांच्या नाकासमोर उलटा धरून हलवायच्या. "कोरडा," म्हणायच्या. कसं वाटतंय वगैरे विचारायच्या नाहीत. माझ्या नोकरीत मी कितीतरी मोठ्या डॉक्टरांना शाली पांघरून घेताना पाहिलं, पण एक रिकामं भांडं उलटं धरून एवढं कौतुक स्वतःचं स्वतः करून घेणारं दुसरं माणूस पाहिलं नाही.

प्रश्न विचारायची त्यांची पद्धत ठरलेली होती. पेशंटला एकट्याला विचारायचंच नाही. सगळी माणसं गोळा झाली की विचारायचं. "पेशंट खोटं बोलतो," त्या म्हणायच्या, "घरचे बोलत नाहीत. घरच्यांना सांगायची घाई असते." आणि ते खरं व्हायचं. काचीगुड्याची एक बाई आली होती, अंगानं भारी, पित्ताशयाच्या ऑपरेशनला. प्रश्न ऐकून तिनं मान खाली घातली आणि "नै जी" म्हणाली. तिचा नवरा फुटलाच. "झूठ बोलरी मॅडम! परसों शादी में जाते वखत पूरी बस खाली करा दी. ड्रायव्हर उतर के भागा!" सगळा वॉर्ड हसला. सगळ्यांत मोठ्यानं मॅडम हसल्या. मग खिशातून पांढऱ्या चिकटपट्टीची गुंडाळी काढली, एक तुकडा तोडून त्यावर पेननं 'घाट' असं लिहिलं आणि तो त्या बाईच्या मनगटावर थापटून चिकटवला.

'घाट' ही आमच्याकडची खूण. ज्याच्या मनगटावर घाट त्याला उलटीविरुद्धची सगळी इंजेक्शनं, आणि नाकातून गॅस न देता नसेतून भूल. बाकीच्यांना एखादं इंजेक्शन. "फुकट औषध टोचायला मी काही जावई नाही करून घेतला कुणाला," म्हणायच्या. पद्धत चोख होती. पण ती पट्टी मनगटावर घेऊन माणूस डिस्चार्जपर्यंत फिरायचा आणि झाडूवालीपासून सगळ्यांना कळायचं की हा ओकणारा. कॅन्टीनचा माणूससुद्धा विचारायचा, "घाटवाल्या अम्माला इडली कधी द्यायची?"

माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला मी गजरा माळून ड्यूटीवर गेले होते. नवऱ्यानं आणलेला, मोगऱ्याचा, भरगच्च. मॅडमनं दारातच माझ्या केसांतून तो ओढला. पिनेसकट. "भूल उतरताना वास डोक्यात जातो. अत्तर, पावडर, फुलं, सगळं बाहेर. नवऱ्याला सांग, प्रेम रविवारी कर." आणि गजरा खिडकीतून खाली. तो खाली उभ्या असलेल्या ऑटोच्या टपावर पडला आणि ऑटो निघून गेली. मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "रडायचं असेल तर बाथरूममध्ये. पेशंटला वाटेल कुणी मेलं."

आणि तो थर्मासचा किस्सा तर पुढं कितीतरी वर्षं चालला. बेगम बाजारातला एक व्यापारी, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. भूल पुरती उतरलीही नव्हती तोच त्याच्या भावानं इराणी हॉटेलातून थर्मास भरून चहा आणला. घसा ओला करायला घोटभर, एवढंच. मॅडम आल्या. स्टूल ओढून पेशंटच्या समोर बसल्या, थर्मासचं झाकण उघडलं, चहा ओतला आणि प्याल्या. मग दुसरा ओतला. तो पेशंट बिचारा सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवत बघत होता. तो कपही संपवला तेव्हा त्या म्हणाल्या, "चाय अच्छी है." आणि उठताना, "देखो सेठ, चाय पिओगे तो उल्टी करोगे. उल्टी करोगे तो टांका टूटेगा. टांका टूटा तो मेरे को फिर सुलाना पडेगा. और मैं हर बार उठातीच नहीं." सेठचा भाऊ भिंतीला टेकून उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, असल्या बाईचं चित्र कशाला काढत बसलीस. पण तुम्हीही असली माणसं पाहिली असतील. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला बसलं की मध्येच काहीतरी आठवतं आणि सगळा डाव विस्कटतो. मला आठवतो तो मॅडमचा अंगठा.

एखाद्या पेशंटला मळमळायला लागलं की मॅडम त्याच्या कॉटशी बसायच्या. त्याचा हात उलटा करून मांडीवर घ्यायच्या आणि मनगटाच्या खाली, तीन बोटं सोडून, आतल्या बाजूला दोन शिरांच्या मधे अंगठा दाबून धरायच्या. पेशंटला वाटायचं, नाडी बघतायत. नाडी नव्हे. तिथं दाबलं की मळमळ बसते. अगदी सगळ्यांची नाही, पण पुष्कळांची. धरला अंगठा की सोडायच्या नाहीत. बोलणं चालूच असायचं, "एवढा मोठा माणूस, मिशा बघा, आणि पोरासारखा ओकतो," पण अंगठा हलायचा नाही. जेवायची वेळ टळून जायची. दुसऱ्या नर्सिंग होममधून फोन यायचा आणि त्या डाव्या हातानं तो कट करायच्या. पेशंट झोपला की अंगठा हळूच उचलायच्या. त्यांच्या अंगठ्याला गोळे यायचे, हे मी एकटीनं पाहिलंय. आणि पाहिलं हे त्यांना कळू दिलं नाही, नाहीतर माझीही खैर नव्हती.

आता एका सुनेबद्दल सांगते.

मी बरकतपुऱ्यात राहते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक जुनं मराठी घर आहे. सासरे सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. कडक, स्वच्छ, सोवळ्यातल्या. त्यांची सून आमच्याकडं गळ्याच्या ऑपरेशनला आली. थायरॉइडची गाठ. मुलगी उदगीरकडची, लग्नाला काही वर्षं झालेली, बोलायला मृदू. मी तिला गल्लीत जाता-येता पाहायची. नेहमी पायी. बाजारात पायी, देवळात पायी. मला वाटायचं, किती साधी आहे.

मॅडम आल्या. कॉटभोवती नवरा, सासूबाई, आणि नवऱ्याचे वकील काका. "बसमध्ये ओकता का?"

सून काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "आम्हांला कसं कळणार डॉक्टर? आमच्याबरोबर बसमध्ये बसली तर ना! दरवर्षी आमची सगळी भावकी बस करून तुळजापूरला जाते. आणि दरवर्षी हिची अडचण बरोबर त्याच दिवशी येते."

अडचण म्हणजे पाळी. ती असताना देवीला जायचं नाही, हे त्या घरात बोलून दाखवायचीही गरज नव्हती. वकील काकांनी घसा साफ केला. नवरा खिडकीबाहेर बघायला लागला.

मॅडम खदखदून हसल्या. "वा! देवीचं आणि हिचं कॅलेंडर एकच दिसतंय!" वॉर्डातली दोन-तीन माणसंही हसली. "मग काय ग, ओकतेस का?"

"नाही," सून म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तो पाहिला, मॅडमनंही पाहिला असणार. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळ्यांचेच चेहरे पांढरे असतात.

पट्टी लागली नाही. तरुण बाई आणि त्यात गळ्याचं ऑपरेशन, म्हणून मॅडमनं आपणहून दोन इंजेक्शनं दिली. तिसरं राहिलं, आणि भूल गॅसची दिली. ऑपरेशन छान झालं. सर्जन हात धुऊन दुसऱ्या दवाखान्यात गेले. सून माझ्याकडं आली, तिनं डोळे उघडले, नवऱ्याचं नाव विचारलं तर लाजली. तोवर सगळं ठीक होतं.

मग तिला उलट्या सुरू झाल्या. एक झाली, लगेच दुसरी, मग थांबेचनात. पोटात काही नव्हतं तरी ती आतून पिळवटून निघत होती. मी ट्रे धरला आणि ओरडून मॅडमना बोलावलं. त्या पलीकडच्या खोलीत दुसऱ्या पेशंटपाशी होत्या. तेवढ्यात मला सुनेचा गळा दिसला. पट्टीच्या खाली एक बाजू फुगत होती. आत काहीतरी सुटलं होतं आणि रक्त साचत होतं. ती उठून बसायला धडपडली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. ओठ निळे पडले.

मॅडम धावत आल्या. त्यांनी आधी पाहिला तो ट्रे. भरलेला. मग तिच्याकडं पाहिलं आणि त्या गुदमरणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "खोटं बोललीस."

हे मी त्यांना कधीच माफ केलं नाही. मरायला टेकलेल्या माणसाला ऐकवायचा शब्द होता का तो? पण पुढचंही मला सांगितलंच पाहिजे. बोलता बोलताच त्यांनी माझ्या हातातली कात्री घेतली होती. थिएटरात न्यायला वेळ नव्हता. तिथंच कॉटवर त्यांनी गळ्याचे टाके कापले, बोटं आत घातली आणि रक्ताच्या गाठी बाहेर काढल्या. कॉटवर, माझ्या अंगावर, त्यांच्या पांढऱ्या केसांवर रक्त. पोरीनं एक लांब श्वास घेतला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दारात उभ्या सासूबाई खाली बसल्या.

सर्जन परत आले, तिला पुन्हा थिएटरात नेलं, सुटलेली रक्तवाहिनी बांधली. यावेळी मनगटावर पट्टी नसतानाही सगळी इंजेक्शनं दिली. पोर वाचली. आवाज मात्र गेला. पूर्ण नाही, पण गोड होता तो खरबरीत झाला, आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई आली. उदगीरहून बसनं. ती कुणालाही न भेटता आधी नळापाशी हात धुणाऱ्या मॅडमकडं आली. मी तिथंच ट्रे धूत होते. "लहानपणापासून गाडी लागते हो तिला," आई कुजबुजली. "लग्न झालं तेव्हा देवीला रेल्वेनं नेलं होतं, निभावलं. मग बस करायला लागले. बसची भीती घेऊन तिनं पहिल्या वर्षी अडचण आहे म्हणून सांगितलं. एकदा सांगितलं, मग दरवर्षीच सांगत गेली. आता गाडी लागते म्हणावं तर देवीच्या नावानं इतकी वर्षं खोटं बोलली ते बाहेर येतं. त्या घरात नाही हो ठेवणार तिला. बोलू नका, पाया पडते."

आणि ती खरंच वाकली. मॅडम मागं सरकल्या. "पाय सोडा. तुमच्या देवीपायी माझ्या हातून एक खून होत होता." आई तशीच वाकलेली. मॅडमनं नळ बंद केला, पुसायला काही न घेता तशाच ओल्या हातांनी वॉर्डात गेल्या.

तिथं त्या सुनेच्या कॉटशी स्टुलावर बसल्या. तिला पुन्हा मळमळत होतं. गळ्याला नवे टाके, आता एक ओकारी आली तर पुन्हा तेच. मॅडमनं तिचा हात मांडीवर घेतला आणि अंगठा दाबला. या वेळी काही बोलल्या नाहीत. मिशा नव्हत्या म्हणून नाही, त्यांना बोलायचंच नव्हतं. त्या सुनेकडं बघत होत्या आणि सून छताकडं.

तशा बसलेल्या असतानाच सगळे आत आले. सासूबाई, नवरा, वकील काका आणि नर्सिंग होमचे मालक डॉक्टर. सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही छाती ठोकून सांगता, माझा पेशंट ओकत नाही. मग आमच्याच मुलीला हे कसं झालं?"

मॅडमनं सुनेकडं पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना उत्तर द्यायला वेळ लागलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "माझ्याकडून एक इंजेक्शन राहिलं," त्या म्हणाल्या.

"राहिलं म्हणजे?" मालकांचा आवाज चढला.

"राहिलं. विसरले."

विसरल्या! ही बाई झोपेतसुद्धा कुणाला किती औषध दिलं ते सांगू शकली असती. मी तोंड उघडलं. मॅडमनं माझ्याकडं पाहिलं. "सिस्टर, इथला ट्रे कुठाय? आण जा." ट्रे तिथंच होता, उशाशी. मी तो उचलला आणि तशीच उभी राहिले.

इथंच सगळं थांबायला हवं होतं. पण वकील काका काही उगीच वकील नव्हते. ते सुनेकडं वळले. "तुला बसचं विचारलं होतं. तू खरं सांगितलं होतंस ना?"

सुनेनं सासूबाईंकडं पाहिलं. मग त्या नव्या खरबरीत आवाजात, थांबत थांबत म्हणाली, "मला बस लागत नाही." आणि सगळ्यांना वाटलं झालं, तर पुढं म्हणाली, "शुद्धीवर आल्यावर मळमळतंय म्हणून मी यांना सांगितलं होतं. या हसल्या."

मॅडमचा अंगठा तिच्या मनगटावर होता. तो हलला नाही.

यातली क्रूर गोष्ट काय आहे बघा. त्या वॉर्डात उभ्या असलेल्या एकालाही ते खोटं वाटलं नाही. कॅन्टीनच्या माणसालाही नसतं वाटलं. पेशंटला मळमळतंय आणि मॅडम हसल्या, याच्याइतकं त्यांना शोभणारं वाक्य दुसरं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्याच दिवशी सगळ्यांनी त्यांना हसताना ऐकलं होतं. पोरीनं खोटं बोलायला सुद्धा अगदी बरोबर जागा शोधली. सासूबाई म्हणाल्या, "बाई आहात की कोण?"  सुनेची मळमळ बसेपर्यंत मॅडम तिथंच बसून राहिल्या. लोक त्यांना बोलत होते आणि त्या बसल्या होत्या. मग पोर झोपली, तेव्हा अंगठा उचलला, स्कूटरची किल्ली घेतली आणि गेल्या.

आमच्या मालकांनी त्यांना बोलावणं बंद केलं. हिमायतनगर ते नारायणगुडा ते चिक्कडपल्ली, गल्ल्या केवढ्या? बातमी स्कूटरच्या आधी पोचली. इंजेक्शन विसरणाऱ्या, वर पेशंटला हसणाऱ्या डॉक्टरकडून कोण भूल घेणार? ज्यांचा ट्रे त्यांनी कोरडा ठेवला होता त्यांच्यापैकी कुणी बोलायला आलं नाही. न आलेली ओकारी कुणाला आठवत नाही.

मी एकदा त्यांच्या चिक्कडपल्लीच्या घरी गेले. त्या हॉलमध्ये पेपर वाचत होत्या. 'बस' नाही, 'ये' नाही. पहिला प्रश्न, "नवीन डॉक्टरचा ट्रे कसाय?"

"भरलेला असतो," मी म्हटलं.

त्या खूश झाल्या. खरंच झाल्या, लपवलं नाही. मी मग चिडून म्हटलं, "मॅडम, तुम्ही खरं का नाही सांगितलं? आणि तिनं तुमच्यावर एवढं घातलं तरी गप्प बसलात?"

"काय सांगायचं?" त्यांनी पेपर घडी केला. "मी तिला पंचायत भरवून विचारलं. तिनं पंचायतीला उत्तर दिलं. मला कुठं दिलं? एकटीला गाठून विचारलं असतं तर सांगितलं असतं पोरीनं." पेपर बाजूला ठेवला. "घरचे खोटं बोलत नाहीत म्हणे. घरच्यांना माहीतच नव्हतं, मग सांगणार काय?"

"मग आता तरी पडदा ओढून विचारत जा," मी म्हटलं आणि जीभ चावली.

"कुणाला?" मॅडम म्हणाल्या. "पेशंट कुठाय?" आणि हसल्या. तो हसण्याचा आवाज तसाच होता, वॉर्डाएवढा. रिकाम्या घरात तो फार मोठा वाटला.

पुढच्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. झोपेत. मला चार दिवसांनी कळलं.

त्यानंतरच्या नवरात्राच्या आधी एका सकाळी मी ड्यूटीला निघाले होते. गल्लीच्या टोकाला बस उभी. भावकी तुळजापूरला निघालेली. नारळ, डबे, पोरांचा गोंधळ. सासूबाई बसच्या दाराशी उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "यंदा सून पण येतेय. देवीनं वाचवलं तिला, नवस फेडायचाय. पण तब्येतीची वाट लागली हो. ऑपरेशनच्या आधी हिला काही नव्हतं. त्या बाईनं बिघडवून ठेवलं. आता गाडी सुटली की उलट्या सुरू. विचारा ह्या सिस्टरला, त्याच दवाखान्यात होत्या."

शेजारीण माझ्याकडं बघायला लागली. "मला उशीर होतोय," मी म्हटलं.

सून पुढच्या सीटवर खिडकीशी बसली होती. आता ती जागा तिच्या हक्काची. मांडीवर लिंबू, प्लास्टिकच्या पिशव्या, आल्याच्या वड्या, सगळं सासूबाईंनी स्वतःच्या हातानं दिलेलं. आता तिला अडचण आणावी लागणार नव्हती. जे सांगायला ती जन्मभर घाबरली ते आता सगळी भावकी कौतुकानं सांगत होती, आणि ज्यांच्या माथी तो दोष मारला होता त्या मेल्या होत्या. मी खिडकीखालून जाताना तिनं काच सरकवली.

"त्या कुठं असतात आता?" तिचा आवाज तसाच, खरबरीत.

"गेल्या," मी म्हटलं. "उन्हाळ्यात."

तिनं मान हलवली. तेवढ्यात सासूबाई बसमध्ये चढल्या. "काय ग, काय म्हणते सिस्टर?"

"त्या डॉक्टरीणबाई वारल्या म्हणे."

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या.

"हो," सून म्हणाली. "बरं झालं."

मला तिचा राग आला. अजून येतो. मी तिच्याकडं बघतच राहिले, काहीतरी लागेल असं बोलायला शब्द शोधत होते, मॅडमनं बोलावं तसं. तेव्हा मला दिसलं. तिचा डावा हात मांडीवर उलटा पडला होता, आणि मनगटाच्या खाली, तीन बोटं सोडून, तिनं उजव्या हाताचा अंगठा दाबून धरला होता. बस सुटली, वळणावर गेली, तरी तिनं तो उचलला नाही.